तुम्ही विचारलेत म्हणून : शेवट काढून घेणारा स्वाध्याय

नागपुरात इंग्रजी साहित्य शिकवणारे माझे सहकारी, आणि कधी कधी विद्यार्थ्यांचे पालकही, मला एक प्रश्न वारंवार विचारतात. चार्ल्स डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही फ्रेंच राज्यक्रांतीवरची कादंबरी बी.ए.च्या वर्गाला शिकवताना मी सारांश आणि पात्रचित्रण यांवर थांबत नाही. मुलांकडून जबाब, निवेदने, मिरवणुकीतले फलक असे बरेच काही लिहून घेते. मुले त्यात रमत असतील, पण त्यातून त्यांना कादंबरी कळते का, आणि कळत असेल तर साध्या प्रश्नोत्तरांपेक्षा अधिक कळते का, असा तो प्रश्न असतो. तो आस्थेने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट लिहून द्यावे असे मला वाटले.

माझे उत्तर असे आहे की कळते, पण जो स्वाध्याय मुलांकडून कादंबरीचा शेवट काढून घेतो, त्यातूनच कळते. राजकीय उलथापालथीवरची कादंबरी आपण हाती घेतो तेव्हा निकाल आपल्याला आधीच ठाऊक असतो. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयचा तुरुंग पडणार आणि २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद होणार, हे मुले शाळेच्या इतिहासातून शिकून आलेली असतात. त्यामुळे ती पात्रांना फार लवकर निकालात काढतात: हा जुलमी, तो भाबडा, ही सूडाने पेटलेली. परंतु कादंबरीतल्या एकाही माणसाला उद्याची बातमी ठाऊक नसते. तो आजच्या भुकेवर, आजच्या भीतीवर आणि आजच्या अफवेवर निर्णय घेत असतो. हे अज्ञान वाचकाला परत मिळाल्याशिवाय त्या निर्णयांचे वजन त्याला कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. डिकन्सच्या पहिल्या वाचकांना ही सोय आपोआप मिळाली होती, कारण कादंबरी ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ३० एप्रिल ते २६ नोव्हेंबर १८५९ या काळात ३१ हप्त्यांत प्रसिद्ध झाली आणि पुढचा हप्ता हाती येईपर्यंत आठवडाभर थांबण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. आमच्या मुलांच्या हाती मात्र गाईड असते आणि मोबाइलवर दहा मिनिटांत सगळी कथा सांगणारे व्हिडिओ असतात. पुढचे वाचू नका असे सांगून उपयोग नसतो. म्हणून मी वाचनावर नव्हे, लेखनावर बंधन घालते: त्या दिवशी त्या माणसाला जेवढे ठाऊक असू शकते तेवढेच लिहायचे, आणि प्रत्येक कल्पित विधानासमोर, ते पुस्तकातल्या कोणत्या पानावर उभे आहे तो पान क्रमांक समासात टाकायचा.

यातला जो स्वाध्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो एका नाव नसलेल्या माणसाविषयी आहे. कादंबरीत रस्ते दुरुस्त करणारा एक मजूर आहे. दुसऱ्या खंडाच्या आठव्या प्रकरणात तो प्रथम दिसतो. मार्क्वीस या जुलमी सरदाराच्या गाडीखाली साखळीला लोंबकळणारा माणूस आपण पाहिला, असे तो निळी टोपी हातात धरून, भीतभीत सांगतो. पंधराव्या प्रकरणात तो पॅरिसला, क्रांतिकारक दफार्झ दांपत्याच्या मद्याच्या दुकानाच्या माळ्यावर येतो आणि मार्क्वीसला मारणाऱ्या गास्पारला गावच्या पाणवठ्यावर चाळीस फूट उंच कसे फाशी दिले आणि त्यामुळे तिथले पाणी प्यावेसे कसे वाटेना, हे कळवळून सांगतो. त्याच प्रकरणात त्याला व्हर्साय दाखवायला नेतात, तेव्हा राजाराणीचा थाट पाहून हाच माणूस डोळ्यांत पाणी आणून त्यांच्या नावाचा जयजयकार करतो. तेविसाव्या प्रकरणात मार्क्वीसची हवेली जळते, तेव्हा तो गावकऱ्यांबरोबर आग पाहत उभा असतो. पुढे तिसऱ्या खंडाच्या पाचव्या प्रकरणात तो पॅरिसमध्ये लाकडे कापणारा झालेला असतो, आपल्या करवतीला तो छोटी गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचे छोटे यंत्र, म्हणतो, आणि तुरुंगातल्या नवऱ्याला दुरून दिसावे म्हणून रोज रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या लूसीवर, म्हणजे डॉक्टर मानेत यांच्या मुलीवर, नजर ठेवतो. शेवटी तिच्याविरुद्ध साक्ष द्यायलाही तो तयार असतो.

या माणसाचे चार जबाब मुले चार वेगवेगळ्या आठवड्यांत लिहितात: मार्क्वीससमोरचा, व्हर्सायहून परतताना बरोबरच्या माणसाला दिलेला, हवेली जळाली त्या रात्रीचा आणि लाकूड कापताना शेजाऱ्याशी केलेल्या बोलण्यातला. पहिला जबाब लिहून वही माझ्याकडे जमा झाल्यावरच दुसरा लिहायचा असतो, आणि जुना जबाब बदलायची मुभा नसते. चारही हाती आल्यावर मुलांना एकच प्रश्न मी विचारते: हा माणूस कोणत्या जबाबात खोटे बोलत होता? वर्गात यावर तासभर वाद होतो, आणि बहुतेकांना अखेरीस मान्य करावे लागते की तो कुठेच खोटे बोलत नव्हता. गास्पारसाठी त्याचा जीव खरोखर तुटला होता, राजासाठी आलेले अश्रूही खरे होते, आणि ज्या स्त्रीने त्याचे काही वाईट केले नाही तिच्याविरुद्ध साक्ष देण्याची त्याची तयारीसुद्धा खरीच आहे. क्रांतीत सामान्य माणूस कसा बदलतो, या विषयावर दहा गुणांचे उत्तर पाठ करून लिहिता येते. पण आपणच मागच्या महिन्यात त्याच्या तोंडी घातलेले कळवळ्याचे शब्द समोर ठेवून आज त्याला साक्षीदार म्हणून उभे करणे मुलांना जड जाते, आणि त्या जड जाण्यातच कादंबरी समजू लागते.

दुसरा स्वाध्याय नागपूरच्या मुलांना मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही, कारण निवेदन म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेले असते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्या शहरात भरते. डिसेंबरात रस्तोरस्ती मोर्चे येतात, पोलिसांच्या कठड्यांपाशी अडतात, आणि मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ मागण्यांचा कागद घेऊन आत जाते. त्या कागदाचा घाट, ‘मा. मुख्यमंत्री महोदय यांच्या सेवेशी’पासून ‘आपले नम्र’पर्यंत, कित्येक मुलांना घरातल्या शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा शेतकरी असलेल्या माणसांमुळे ठाऊक असतो. मी त्यांना सांगते की १७८९ चा वसंत आहे, पॅरिसमधल्या सेंट अँत्वान या गरीब वस्तीतली माणसे राजाला निवेदन देणार आहेत, ते मराठीत लिहा. त्यांना त्या काळाची एक-दोन तथ्ये पुरवते: चार पौंडांची पाव-लादी पूर्वी आठ-नऊ सू या नाण्यांना मिळे, ती फेब्रुवारी १७८९ मध्ये पॅरिसमध्ये साडेचौदा सूंवर गेली होती, मिठावर कर होता, सरदारांना करांत मोठ्या सवलती होत्या. बाकीचे त्यांनी कादंबरीतून आणायचे असते: रस्त्यात फुटलेल्या पिंपातले मद्य लोक ओंजळीने का पितात, मार्क्वीसच्या गाडीखाली मूल चिरडल्यावर तो सोन्याचे नाणे का फेकतो, आणि ते नाणे परत त्याच्याच गाडीत का येऊन पडते.

पहिल्या मसुद्यात जवळपास सगळीच मुले राजेशाही नष्ट करण्याची मागणी लिहितात. त्यानंतर मी त्यांना इतिहास सांगते: ५ मे १७८९ रोजी एस्टेट्स जनरल या फ्रान्सच्या प्रतिनिधींची सभा भरण्यापूर्वी देशभरातून खरोखरच गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून पाठवल्या गेल्या होत्या, आणि त्यांत करांची, मिठाची, सरदारांच्या शिकारीच्या हक्कांची गाऱ्हाणी होती, पण राजावर लोकांचा भरवसा होता. राजाला आपले हाल कळले तर तो दाद लावील, असे त्यांना मनापासून वाटत होते. हे ऐकल्यावर वर्गात होणारी शांतता मला फार मोलाची वाटते, कारण व्हर्सायला जयजयकार करणारा तो मजूर त्या क्षणापासून मुलांना मूर्ख वाटेनासा होतो. दुसरा मसुदा वेगळाच उतरतो. त्यात विनवणी असते, आदर असतो, आणि विनवणी फेटाळली गेली तर काय होईल याचा उच्चारही नसतो.

याला जोडूनच बडग्याचा स्वाध्याय येतो. आमच्या वर्गात दुसरा खंड साधारण पोळ्याच्या सुमारास चालू असतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. तिच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांच्या, गळ्यातल्या फलकांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत वर्षभराचा राग लिहिलेला असतो, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तो राग शहराबाहेर धाडतात. मुलांनी सेंट अँत्वानचा बडग्या कल्पायचा आणि त्याच्यासाठी फलक लिहायचा. मार्क्वीसवरचे फलक तर भराभर लिहून होतात. मग तोच स्वाध्याय १७९३ च्या शरदऋतूसाठी पुन्हा देते, आणि १७ सप्टेंबर १७९३ च्या संशयितांविषयीच्या कायद्याचा आशय फळ्यावर लिहिते: वर्तनावरून, संबंधांवरून, बोलण्यावरून किंवा लिहिण्यावरून जो जुलमाचा समर्थक वाटेल त्याला अटक करता येईल. आता कुणाचा बडग्या काढणार, फलकावर काय लिहिणार, आणि तो खांद्यावर कोण घेणार? अनेक मुले कोरा कागद परत देतात. तो कागद मी पूर्ण गुणांना पात्र ठरवते, मात्र तो कोरा का राहिला याची कारणे त्यांनी तिसऱ्या खंडातली पाने दाखवून तोंडी सांगितली पाहिजेत.

शेवट काढून घेण्याचे सर्वांत कठीण उदाहरण डिकन्सनेच कादंबरीत ठेवले आहे. डॉक्टर मानेत यांनी १७६७ च्या अखेरच्या महिन्यात, कैदेच्या दहाव्या वर्षी, काजळी आणि रक्त यांच्या मिश्रणाने एक पत्र लिहून कोठडीच्या धुराड्यात लपवले. त्यात मार्क्वीसच्या एव्हरेमोंद घराण्याचा गुन्हा सांगून त्या घराण्याच्या शेवटच्या वंशजापर्यंत सर्वांना त्यांनी दोषी ठरवले. आपली मुलगी लूसी त्याच घराण्यातल्या चार्ल्स डार्नेशी लग्न करील हे त्यांना कसे ठाऊक असणार? तेच पत्र पुढे न्यायासनासमोर वाचले जाते आणि निरपराध जावयाला मृत्युदंड मिळतो. इथे मी मुलांना नवीन काही लिहायला सांगत नाही. एक गट ते पत्र १७६७ साली वाचणाऱ्या न्यायाधीशाच्या भूमिकेतून मोठ्याने वाचतो, दुसरा गट १७९३ सालच्या पंचांच्या भूमिकेतून, आणि दोघांनी निकाल लेखी द्यायचा असतो. पत्रातले एक अक्षरही बदललेले नसते.

एक लहानसा स्वाध्याय केवळ वाचन तपासण्यासाठी आहे. कादंबरीच्या शेवटी गिलोटिनकडे जाणाऱ्या गाडीत एक गरीब शिवणकाम करणारी मुलगी आहे. दूर दक्षिणेकडे एका शेतकऱ्याच्या घरी राहणारी अनाथ चुलत बहीण हीच तिची एकमेव नातलग. तिने त्या बहिणीला पत्र लिहावे, असे सांगितले की बरीच मुले सुंदर, डोळ्यांत पाणी आणणारी पत्रे लिहून आणतात. ज्यांनी ते प्रकरण खरोखर वाचलेले असते ती मात्र येऊन सांगतात की तिला लिहिता येत नाही, असे ती स्वतःच म्हणते. मग खरा स्वाध्याय सुरू होतो: तुरुंगात तिच्यासाठी कोण लिहून देईल, आणि लिहून देणारा भीतीपोटी काय वगळील?

काही गोष्टी मी करून घेत नाही, आणि त्यांविषयीही तुम्ही विचारता. कादंबरीचा पर्यायी शेवट लिहायला मी सांगत नाही, कारण त्यात विद्यार्थी घटनांचा मालक होतो, आणि उलथापालथीत सापडलेल्या माणसाचे पहिले लक्षण हेच की त्याच्या हाती ती मालकी नसते. रंगीत मथळ्यांचे क्रांतीचे वर्तमानपत्र मी बंद केले, कारण ते पुस्तक न उघडता तयार होते. वर्गात शिरच्छेदाचा देखावा तर मी कधीच करू देत नाही. वर्गातली टाळ्या वाजवणारी गर्दी क्षणात खरी गर्दी होते, आणि गिलोटिनपाशी बसून विणकाम करणाऱ्या बायका कोण होत्या हे समजण्यासाठी आपण तसेच वागून पाहायची गरज नाही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला गंभीरपणे विचारले होते की प्रत्येकाच्या जागी उभे राहून पाहायला शिकवले तर मुले शेवटी सगळ्यांनाच माफ करून टाकणार नाहीत का. माझा अनुभव याच्या उलट आहे. मुलाच्या प्रेताशेजारी सोन्याचे नाणे फेकणाऱ्या मार्क्वीसचा जबाब लिहिणारा विद्यार्थी त्याला कधीही माफ करत नाही, कारण त्या माणसाला त्या क्षणी सगळे दिसत होते आणि तरीही त्याने घोड्यांचीच चौकशी केली, हे पान उघडून त्याला लिहावे लागते. उलट, मादाम दफार्झच्या बहिणीवर आणि भावावर एव्हरेमोंद बंधूंनी काय अत्याचार केले हे डॉक्टरांच्या पत्रात वाचल्यावरही, तिने लूसीच्या लहान मुलीचे नाव मारायच्या माणसांच्या यादीत घेणे अन्यायाचेच आहे, हे मुले अधिक स्पष्टपणे सांगू लागतात. दुःख समजून घेणे आणि कृत्याला मान्यता देणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखनात आपोआप वेगळ्या होतात.

परीक्षेची काळजी तुम्हाला असते, ती मलाही आहे. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत बडगे येत नाहीत. परंतु समासात पान क्रमांक टाकण्याची सवय लागलेला विद्यार्थी परीक्षेतही पुस्तकातले उदाहरण देऊनच विधान करतो, आणि मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत चार वाक्ये लिहायला बिचकणारी मुले मराठीत निवेदन लिहिल्यावर तोच मुद्दा इंग्रजीत मांडायला धजतात. वेळ कमी असेल तर सगळे करू नका. रस्ते दुरुस्त करणाऱ्या मजुराचे चार जबाब तेवढे घ्या. प्रत्येकाला वीस मिनिटे पुरतात. पहिला आठव्या प्रकरणानंतर लगेच लिहून घ्या, आणि चौथा हाती येईपर्यंत वह्या मुलांना परत देऊ नका.