कूर्चा भरून काढायची, पण कुठल्या सांध्यात?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘कूर्चा खराब’, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण (कार्टिलेज) खराब, असं दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला: नवीन बसवता येईल का? येते. पण आधी एक गोष्ट निकाली काढावी लागते. कूर्चेला एका जागी खड्डा पडलाय, ती सगळीकडून विरलीय, की सांध्यातली सूज तिला कुरतडतेय? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. भराव घालण्याच्या शस्त्रक्रिया मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहेत, आणि गोंधळ होतो तो नेमका इथेच.

गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर जाड असते. तिचा बराचसा भाग पाणीच. उरलेलं म्हणजे टाइप 2 कोलॅजेनचं, म्हणजे चिवट प्रथिन-तंतूंचं, जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन. पेशी अगदी मोजक्या. रक्तवाहिनी एकही नाही, त्यामुळे पोषण येतं ते सांध्यातल्या द्रवातून: पाऊल टाकलं की दाबाने द्रव बाहेर निघतो, उचललं की पुन्हा आत शिरतो. म्हणूनच ‘गुडघा दुखतोय, हलवूच नका’ हा सल्ला फार दिवस पाळला तर उलटतो. रक्त नाही म्हणजे जखम भरून येण्याची नेहमीची यंत्रणाही नाही. विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. आणि कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. त्यामुळे रिपोर्ट वाईट आणि दुखणं किरकोळ, किंवा याच्या बरोबर उलट, असं सर्रास दिसतं.

सूज की झीज, हे बरंचसं हातानेच कळतं. झिजलेला सांधा सकाळी आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि वापरला की दुखतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून ते सुजतात त्या आजारात, आखडणं तासभर किंवा जास्त टिकतं, आणि हालचालीने उलट बरं वाटतं. तपासताना तळहात आणि बोटं जुळतात ती सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात. हस्तांदोलनाएवढ्या दाबानेही रुग्ण कळवळला तर ती खूण दुर्लक्षून चालत नाही. बोटाखाली सूज मऊ, दबणारी लागते. झिजेची गाठ हाडासारखी टणक. आरए फॅक्टर या रक्ततपासणीवर एकट्यावर विसंबू नये. तो निरोगी माणसातही, विशेषतः उतारवयात, पॉझिटिव्ह येतो आणि आजार असूनही निगेटिव्ह असू शकतो. सोबत अँटी-सीसीपी (याच आजाराची दुसरी रक्ततपासणी), आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या हव्यात.

आता खड्ड्याकडे. रुग्ण तरुण, खड्ड्याच्या कडेची कूर्चा निरोगी, पाय सरळ, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) आणि लिगामेंट (हाडं बांधणारे पट्टे) शाबूत, असं असेल तरच पुढचं बोलणं. खड्डा लहान, साधारण 2 चौरस सेंटिमीटरच्या आत, असेल तर मायक्रोफ्रॅक्चर होऊ शकतं. दुर्बिणीतून खड्ड्याच्या कडा उभ्या आणि स्वच्छ कापतात, तळाचा चुनखडीसारखा कडक थर खरवडतात आणि मग हाडाला 3-4 मिलिमीटर अंतराने छिद्रं पाडतात. छिद्रातून मज्जा वर येते, तिची गुठळी खड्ड्यात बसते आणि तिचीच पुढे ऊती होते. तळाचा थर राहिला तर गुठळी धरत नाही. छिद्रं फार जवळ पडली तर मधला हाडाचा पूल ढासळतो. सगळं नीट जमलं तरी जे उगवतं ती मूळ कूर्चा नसते. टाइप 1 कोलॅजेनची तंतुमय ऊती असते ती. पहिली एक-दोन वर्षं छान चालते, नंतर अनेकांचा फायदा ओसरत जातो.

मोझॅइकप्लास्टीत गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या कडेवरून हाडासकट कूर्चेचे दंडगोल काढून खड्ड्यात ठोकतात. ही खरी कूर्चा असते, पण दंडगोल वर राहिला तर घासतो, खाली गेला तर भार घेत नाही. मोठ्या खड्ड्यासाठी पेशी वाढवून लावतात. ही पद्धत स्वीडनमधल्या गटाने 1994 मध्ये प्रसिद्ध केली. यात दोन शस्त्रक्रिया लागतात: पहिल्यात कूर्चेचा छोटा तुकडा घेतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्यात त्या पडद्यावर पसरून खड्ड्यात चिकटवतात.

या शस्त्रक्रिया फसतात त्या बऱ्याचदा टेबलावर नाही, घरी. मायक्रोफ्रॅक्चरनंतर भार घेणाऱ्या जागेवर 6 ते 8 आठवडे कुबड्या, पाय जेमतेम टेकवायचा, पण गुडघा मात्र रोज कित्येक तास वाकवत-सरळ करत राहायचा. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात कुबडी सोडली की मऊ गुठळी चिरडते. दुसरं कारण वाकडा पाय. फेंगडेपणा आधी किंवा सोबतच हाड कापून सरळ केला नाही, तर नवा भराव त्याच जागी पुन्हा घासला जातो.

आणि तिसरं कारण म्हणजे सुजलेला सांधा. ऱ्हुमॅटॉइडमध्ये अस्तर जाड होऊन कूर्चेच्या कडेवरून आत पसरतं आणि त्यातली एन्झाइम्स कोलॅजेन विरघळवतात. अशा सांध्यात पेशी लावणं म्हणजे पेटत्या घराला रंग देणं. इथे कूर्चा वाचवण्याचं काम औषध करतं, आणि ते पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं तर सर्वात चांगलं.

ऱ्हुमॅटॉइडचं पहिलं औषध बहुधा मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. सुरुवात साधारण 7.5 ते 15 मिलिग्रॅम, हळूहळू 20-25 पर्यंत. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो, म्हणून चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्यावा. सोबत फॉलिक ॲसिड, म्हणजे तोंड येणं आणि मळमळ कमी होते. गोळीने पोट ढवळतच राहिलं तर औषध सोडण्याआधी तेच इंजेक्शनने घेऊन पाहावं. परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. अनेक लोक औषध सोडतात ते याच काळात. रक्तगणना, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीला दर 2 ते 4 आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. लघवीच्या संसर्गासाठी कोणी को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथल्या तिथे सांगा. ही जोडी धोकादायक आहे. गर्भधारणा ठरवायची असेल तर मेथोट्रेक्सेट आधीच थांबवावं लागतं. किती आधी, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

स्टिरॉइड लगेच आराम देतं, म्हणून मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसेपर्यंतच्या काळापुरतं ते ठीक. तीन महिन्यांत सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत सूज जवळपास थांबण्याचं उद्दिष्ट गाठलं नाही, तर उपचार बदलायचा. ‘बघू अजून’ म्हणत बसायचं नाही. मग बायोलॉजिक किंवा जॅक इनहिबिटर, म्हणजे सुजेच्या ठराविक संदेशांनाच अडवणारी औषधं, येतात. त्याआधी सुप्त क्षयरोगाची आणि हिपॅटायटिस बी-ची तपासणी चुकवू नये.

साध्या झिजेत यातलं काहीच लागत नाही. तिथे वजन आणि मांडीचे स्नायू यांवर काम करणं जास्त फळतं: शरीराचं एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी उतरतो. ग्लुकोसामाइन या पूरक गोळ्यांवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. सांध्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन अधूनमधून चालतं, पण 2017 च्या एका चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड दिलेल्या गुडघ्यांत नुसतं सलाइन दिलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त गेली, आणि दुखणं काही जास्त कमी झालं नाही.

ऱ्हुमॅटॉइडमुळे सांधा इतका गेला की बदलावाच लागला, तर शस्त्रक्रियेसाठी मेथोट्रेक्सेट सहसा थांबवत नाहीत. बायोलॉजिकचा मात्र एक डोस चुकवतात, तो डोस ज्या सुमारास द्यायचा होता त्या सुमारास शस्त्रक्रिया ठेवतात आणि जखम कोरडी होऊन टाके निघाले की, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ते पुन्हा सुरू करतात.