एपी फिजिक्स: १, २ की थेट सी?

अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या घरांत एपीचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या तोडीचे) कोर्स निवडायची वेळ आली की हा घोळ सुरू होतोच. नावात १ आणि २ आहे म्हणून पुढची पायरी सी असणार असं वाटतं, पण तसं काही नाहीये. १ आणि २ अल्जिब्रावर चालतात, सीचे दोन वेगळे कोर्स आहेत, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, आणि दोन्हीला कॅल्क्युलस लागतं, निदान त्याच वर्षी सोबत तरी चालू हवं.

फिजिक्स १ ला आधी फिजिक्स केलेलं नसलं तरी चालतं, जॉमेट्री झालेली आणि अल्जिब्रा २ चालू असलं की बास. २ ला मात्र १ किंवा तशाच कोर्सचा पाया हवा.

खरी गोम "सोबत चालू" मध्ये आहे. स्प्रिंग ताणताना बल सारखं बदलत जातं, मग बल गुणिले अंतर करून काम निघत नाही, इंटिग्रल घ्यावं लागतं (कॅल्क्युलसमधली, बारीक तुकड्यांची बेरीज करायची रीत), आणि फिजिक्सच्या वर्गात हे लवकर येतं पण कॅल्क्युलसच्या वर्गात तेव्हा अजून लिमिट्सच, म्हणजे अगदी सुरुवातीचा भागच, चाललेल्या असतात! हुशार मूल निभावून नेतं, पण उगाच दमछाक. इलेक्ट्रिसिटीत गाऊसचा नियम आला (विद्युतभार आणि त्याभोवतीचं विद्युत क्षेत्र यांचं नातं, त्यात अख्ख्या पृष्ठभागावर इंटिग्रल घ्यावं लागतं) की मग तर विचारूच नका.

इंजिनिअरिंगला जायचं असेल तर माझं मत सरळ आहे, आधी कॅल्क्युलस, मग सी. आणि हो, कॉलेज कुठल्या कोर्सचं क्रेडिट देतं (म्हणजे तो कॉलेजचा कोर्स झाला असं धरतं) ते त्यांच्या साइटवर बघून घ्या, सगळीकडे सारखं नसतं.