नाशिक ते लोअर परळ व्हाया शनी: मोठ्या पडद्यावर 'इंटरस्टेलर'

तर झालं असं की 'इंटरस्टेलर' हा अंतराळप्रवासाचा इंग्रजी पिक्चर २०१४ ला आला तेव्हा मी नोकरीच्या गडबडीत तो बघितलाच नाही, नंतर लॅपटॉपवर बघितला, अर्धा झोपेत, आणि काय एवढं डोक्यावर घेतलंय म्हणून सोडून दिला. मग डिसेंबर २०२४ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून बाहेरच्या देशांत परत लागला, पण आपल्याकडचे आयमॅक्स (म्हणजे नेहमीपेक्षा भलेमोठे) पडदे तेव्हा 'पुष्पा २' ने अडवलेले, त्यामुळे आपला नंबर लागला ७ फेब्रुवारी २०२५ ला. माझा भाचा चिन्या, इयत्ता आठवी, याने तो मोबाईलवर चार वेळा बघितलेला आणि मला फोनवर रोज एकच, मामा जायचंय. नाशिकला आयमॅक्स नाही, म्हणजे मुंबई आलीच.

पहिला सल्ला इथेच देऊन टाकतो: असे जुने पिक्चर परत लागले की हातात एकच आठवडा असतो असं धरून चाला. १४ तारखेला 'छावा' आणि कॅप्टन अमेरिका आले आणि आयमॅक्सचे पडदे गेले तिकडे. मार्चमध्ये परत लावला म्हणा, पण ते काय आधी कुणाला माहीत होतं.

आम्ही रविवार ९ तारीख धरली. मुंबईत लोअर परळ, वडाळा, मालाड, घाटकोपर असे पर्याय आहेत, नाशिककडून येणाऱ्याला दादरला उतरून लोअर परळ सगळ्यात सोपं. (वडाळ्याला पूर्वी घुमटाचा पडदा होता, आमची शाळेची सहल गेलेली, अर्धी पोरं चक्कर येऊन खाली बघत बसलेली.) बुकिंग उघडलं तेव्हा शेजारशेजारच्या दोन सीट फक्त दुपारी ३ च्या शोला. मी हिशोब केला, पिक्चर १६९ मिनिटांचा, म्हणजे पावणेसहाच्या सुमारास संपेल, पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, दादरला आरामात पकडू. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

सकाळची पंचवटी. रिझर्वेशन असलं तरी पासधारकांशी वाद घालू नका, त्यांचे पत्त्यांचे डाव तुमच्या जन्माच्या आधीपासून चालू आहेत. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर आलो की स्लो लोकलने प्रभादेवी आणि मग लोअर परळ, बस. रविवारी मेगाब्लॉक कुठल्या लाईनवर आहे ते मात्र शनिवारी रात्रीच बघून ठेवा. मधले तीन-चार तास वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला काढले, पोरगं सोबत असेल तर उत्तम सोय, आणि जेवून घ्या बाबांनो बाहेरच, कारण आत पॉपकॉर्नच्या भावात बाहेर दोन माणसांची थाळी येते.

आता पडद्याबद्दल. भारतात फिल्मवर चालणारा ७० एमएम आयमॅक्स सध्या कुठेच नाही, आपल्याकडे सगळं डिजिटल. त्यामुळे नेटवर अमेरिकेतल्या लोकांनी टाकलेले तो उंचच्या उंच चौकोनी पडद्याचे फोटो बघून जाऊ नका, मन खट्टू होईल. तिकडे पडद्याची रुंदी उंचीच्या १.४३ पट, आपल्याकडे १.९० पट. तरीपण आयमॅक्स कॅमेऱ्याने शूट केलेले सीन आले की वरखालच्या काळ्या पट्ट्या गायब होतात आणि पडदा एकदम उघडतो, ते घरी कितीही मोठा टीव्ही घ्या, होत नाही. सीट मधोमध आणि मागून तिसरी-चौथी रांग घ्या. आमच्या पुढे दोन पोरं पहिल्या रांगेत होती, त्यांना शनी तुकड्यातुकड्यानेच दिसला असणार.

सुरुवातीलाच मक्याच्या शेतातून ते भारतीय हवाई दलाचं बेवारस ड्रोन उडत जातं तेव्हा पब्लिकने शिट्ट्या मारल्या. तो मका खरा आहे बरं का, कॅनडात कॅलगरीजवळ ५०० एकर लावलेला खास पिक्चरसाठी. मला तो बघून येवल्याच्या मामांचा लष्करी अळीने खाल्लेला मका आठवला, म्हणजे पिक्चरमधली, सगळी पिकं रोगाने गेली आणि शेवटी मका उरला ही गोष्ट ज्याने मका लावलाय त्याला नाही पटणार. भेंडीचं हे शेवटचं पीक असं पिक्चरमध्ये सांगतात तेव्हा चिन्या हळूच म्हणाला, चला एक तरी बरं झालं.

डायलॉग ऐकू येत नाहीत ही तक्रार खरी आहे, काही ठिकाणी पार्श्वसंगीतातला ऑर्गन सगळं गिळून टाकतो. तो ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमधला, संगीतकार हान्स झिमरने तिथे जाऊन रेकॉर्ड केलेला, आणि थिएटरात तो कानाने नाही, छातीने आणि खुर्चीच्या हाताने ऐकू येतो. लॅपटॉपवर मी जे बघितलं ते वेगळंच काहीतरी होतं असं मला तेव्हा वाटलं. म्हणून बुकिंग करताना सबटायटल आहेत का बघून घ्या, आणि नसतील तरी जा, समजून घ्यायचं काम नंतर घरी करता येतं. उलट बाहेर अंतराळात काहीतरी फुटतं तेव्हा अजिबात आवाज नाही, अख्खं थिएटर चिडीचूप, आणि नेमकं तेव्हा मागे कुणीतरी नाचोज चावलं.

तो कृष्णविवराचा सीन. शास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं दिली आणि त्यावरून ग्राफिक्सवाल्यांनी चित्र काढलं, थॉर्नना २०१७ ला नोबेल मिळालं ते गुरुत्वलहरींसाठी, पण आमच्या चिन्यासाठी ते 'गार्गांचुआवाले काका'च (गार्गांचुआ म्हणजे पिक्चरमधलं ते कृष्णविवर). एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा खरा फोटो १० एप्रिल २०१९ ला आला, म्हणजे पिक्चरनंतर साडेचार वर्षांनी, आणि त्यातही तशीच मधे काळोख आणि भोवती उजेडाची कडी. दोन-तीन मिनिटं मी काही खाल्लं नाही, प्यायलो नाही, चिन्याशी बोललो नाही.

आणि मग इंटरव्हल. इंग्रजी पिक्चरला इंटरव्हल नसतोच, आपल्याकडे मधे कुठेतरी सुरी चालवतात, नको तिथे. पाण्याच्या त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, हे चिन्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे मी समोस्याच्या रांगेतून २० मिनिटांनी परत आलो तर म्हणे, मामा, दोन वर्षं चार महिने लावलेस.

तर माझ्या हिशोबात काय राहिलं? हा इंटरव्हल, आणि सुरुवातीच्या जाहिराती. पिक्चर सुटला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं. धावत लोअर परळ, धावत दादर, पंचवटी गेलेली. तुम्ही सरळ सकाळचा शो घ्या, त्यासाठी आदल्या दिवशी मुंबईत नातेवाईक शोधा, किंवा दुपारचा घेतलात तर वेबसाईटवरच्या वेळेत पाऊण तास मिसळा आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा. आम्ही जनरलचं तिकीट काढून पुढच्या मेलमध्ये दाराजवळ उभे, ताईचे सात मिस्ड कॉल.

कसाऱ्याला गाडी थांबली, घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागतात ना, ती लागायला. चिन्या पेंगत होता, मागून तो धक्का बसला तसा ताडकन जागा झाला आणि ओरडला, डॉकिंग! (पिक्चरमध्ये यानाला यान जोडतात ते.) शेजारचे बाबा दचकले, म्हणाले काय झालं रे पोराला. काय सांगणार. मी म्हणालो, पिक्चर बघून आलाय.

नाशिकरोडला गाडी ५० मिनिटं लेट, म्हणजे चिन्याच्या भाषेत पाच वर्षं दहा महिने. घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले. ताईने दार उघडलं, माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते जाऊदे, तेवढ्यात हा म्हणतो, आई, आम्ही १८ तास बाहेर होतो, म्हणजे तू आता १२६ वर्षांनी मोठी झालीस.

ताई म्हणाली, आधी पाय धुवून ये.