पुरातून वाचलेले फोटो आणि सहा-सहा-सहा-चार

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा मामाच्या तळमजल्यावरचं लोखंडी कपाट आडवं झालं. आजोळचे सगळे फोटो त्यात. मामीने चिखलातून अल्बम काढले, पण पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की इतका मऊ होतो, की नुसतं बोट लागलं तरी चित्र निघून येतं. त्यामुळे पुसायचं नाही, ओढायचं नाही. परातीत थंड स्वच्छ पाणी, त्यात फोटो सोडायचे, आपणहून सुटतील तेवढे सोडवायचे आणि सावलीत उताणे वाळवायचे. मामीने हे सगळं केलं, तेही घर धुऊन काढण्याच्या धबडग्यात.

वाचलेले फोटो पुण्याला माझ्याकडे आले. आधी सगळे स्कॅन केले, मग बारा बाय बारा इंचाचा स्क्रॅपबुक अल्बम करायला घेतला. ॲसिड-फ्री कार्डस्टॉक, म्हणजे आम्ल नसलेला जाड कागद, फोटोचे कोपरे अडकवायला फोटो कॉर्नर, मध्ये बटरपेपर. फेव्हिकॉल अजिबात नाही, त्याने कागद फुगतो.

अडलं ते लिहिण्यापाशी. अर्ध्या फोटोंत माणूस आहे तर चेहरा नाही, चेहरा आहे तर बाजूला तपकिरी ओघळ. फोटोशेजारी गद्य मजकूर लिहिला की तो श्रद्धांजलीसारखा वाचला जायचा. मुक्तछंद करून पाहिला, त्याचं ग्रीटिंग कार्ड झालं. शेवटी अभंगाकडे वळले. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. चाल लहानपणापासून कानात असते, त्यामुळे अक्षर जास्त झालं की लगेच खटकतं. आणि बावीस अक्षरांत गळा काढायला जागाच नसते!

एक नियम मी स्वतःला घातला: फोटोत दिसतं ते ओळीत आणायचं नाही. ‘आजी अंगणात बसली आहे’ हे वाचणाऱ्यालाही दिसतंच. आजीचा जो कृष्णधवल फोटो आहे, त्यात ती पाखडायच्या सुपात आमसुलं घेऊन बसली आहे आणि गळ्याच्या वर नुसता पांढरा डाग उरलाय. त्याच्या शेजारी हे आलं:

चेहरा वाहिला
वाशिष्ठीच्या पाणी
उरली निशाणी
सुपापाशी

बोटांना अजून
रातांब्यांचा रंग
कामामध्ये दंग
माझी आजी

रातांबे म्हणजे ज्यांची आमसुलं करतात ती फळं; त्यांचा लाल रंग कृष्णधवल फोटोत कुठून दिसणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीची बोटं तशी असायची, हे आम्हा नातवंडांनाच माहीत. तो फोटो आता मला पुरा वाटतो. ‘दंग’ जरा सोपं यमक आहे, पण ते ठेवलं. ‘माया-छाया’ आणि ‘आठवण-साठवण’ या जोड्यांना मात्र अल्बममध्ये बंदी आहे.

मांडणीलाही अभंग सोयीचा. ओळी आखूड, म्हणून उभ्या फोटोशेजारच्या दोन-अडीच इंची पट्टीत कडवं नीट बसतं. तयार स्टेन्सिल इंग्रजीच्या हिशोबाने बनतात, अक्षर रेघेवर बसवतात. आपलं अक्षर रेघेला लोंबतं. म्हणून मी पेन्सिलीने पुसट शिरोरेषाच आखते, दोन रेघांत निदान दीड सेंटिमीटर सोडते, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. शाई वाळली की रेघ खोडायची. पेन पिगमेंट शाईचं, पाण्याने न फुटणारं. हे शहाणपण पुराने दिलं: फोटोंच्या पाठीवर आजोबांनी फाउंटन पेनने लिहिलेल्या तारखांची निळी ढगं झाली होती, शिसपेन्सिलीने लिहिलेली नावं जशीच्या तशी होती.

मामाला पहिली काही पानं दाखवली. तो म्हणाला, “छान आहे गो, पण साल कुठाय? हा मागे कोण उभा, ते पुढच्यांना कसं कळायचं?” रास्त होतं. आता प्रत्येक पानामागे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं पाकीट चिकटवते आणि त्यातल्या चिठ्ठीवर नाव, नातं, ठिकाण, वर्ष असा सरळ मजकूर. कवितेवर तारखांचं ओझं टाकलं की ती लंगडते.

मामा-मामीच्या लग्नाचा एकही फोटो वाचला नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८मध्ये, लग्न त्यानंतरचं. वऱ्हाड गाडीनेच आलं होतं. ते पान मी रिकामं सोडणार होते. मामी म्हणाली, “रिकामं कशाला? माझा उखाणा लिही.” आणि भाजी निवडता निवडता तिने तो सांगितला, नाव तेवढं इथे गाळते:

बोगद्यात शिरली गाडी, अंधार दाटला,
…रावांचा हात धरला, तेव्हा धीर वाटला.

मामा पेपर तोंडावर धरून बसला. उखाणा पूर्ण पानभर मोठ्या अक्षरात घातला, खाली जरीच्या काठाची पट्टी, बस्स.

तेव्हापासून मामाचे फोन येतात. काल रात्री जेवता जेवता फोन: “‘माडीचा जिना’, पाचच होतायत. एक अक्षर दे लवकर.” मी म्हटलं, “‘माडीचा तो जिना’ कर.” पलीकडे बोटांवर मोजणं सुरू झालं, मागून मामी ओरडली, “अहो, आमटी गार होतेय!”