उन्हाळ्याची कादंबरी, दोन राज्यांच्या सुट्ट्या

सोमवार, रात्री

उन्हाळ्याच्या कादंबरीची घडण एकदा नीट लिहून ठेवायची आहे. घरची माणसं, ‘मी कुठली, मी कोण’ हा प्रश्न आणि पहिलं प्रेम, असं सगळं एका सुट्टीत घडवणारी कादंबरी. सतरा-अठरा वर्षांच्या वाचकाला ती हवी असते आणि मराठीत त्या वयासाठी फार थोडं लिहिलं जातं. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, पण तो ९ ते १६ वयोगटाच्या पुस्तकांना. त्यापुढची मुलं थेट मोठ्यांच्या कपाटापुढे जाऊन उभी राहतात. आपल्या बेळगाव भागात घडणारी अशी कादंबरी कुणी लिहायला घेतली, तर सुरुवात तारखांपासून करावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

अशा गोष्टीतला सगळा ताण सुट्टी संपणार आहे, यातून येतो. कोण कधी मोकळं होतं आणि कोण कधी परत जातं हे आधी ठरलं नाही, तर शंभराव्या पानावर पात्रं नुसती अंगणात बसून राहतात. सीमाभागात तर दोन राज्यांच्या सुट्ट्या धरायच्या असतात. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. महाराष्ट्रातली भावंडं मे उजाडल्यावर येतात आणि त्यांची शाळा जूनच्या मध्याला. म्हणजे दोघं एकत्र मोकळी असतात ती जेमतेम मे महिनाभर. पुण्यात बसून लिहिणारा इथेच फसतो. त्याचे पाहुणे १० जूनपर्यंत आजोळी मजेत राहतात आणि इथली पोरं तोवर दहा दिवस शाळेत जाऊन आलेली असतात.

वर्ष नेमकं निवडावं. ‘एका उन्हाळ्यात’ असं मोघम ठेवलं की पंचांग, निकाल, पाऊस सगळंच मोघम होतं. मी २०२४ घेईन, कारण त्या मे महिन्यात तारखा एकमेकींना खेटून आहेत. इथल्या द्वितीय पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल १० एप्रिलला लागला. ७ मेला लोकसभेचं मतदान झालं, बेळगावात आणि कोल्हापुरातही त्याच दिवशी. ९ मेला एसएसएलसीचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला आणि त्याच दिवशी वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे आपली तिथीप्रमाणे येणारी शिवजयंती. १० मेला अक्षय तृतीया आणि बसव जयंती. २१ मेला महाराष्ट्रातल्या बारावीचा निकाल. ३० मेला मोसमी पाऊस केरळात पोचला. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी हुतात्मा दिन, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी लढ्यातल्या हुतात्म्यांचा. ४ जूनला मतमोजणी.

एवढं मोठ्या कागदावर तीन रकान्यांत मांडायचं: इथलं घर, तिकडचं घर, आभाळ.

नायिका द्वितीय पीयूसी झालेली घ्यावी आणि तिचा जन्म १ एप्रिल २००६ पर्यंतचा ठेवावा, म्हणजे यादीत नाव लागून तिचं पहिलं मत या गोष्टीत पडतं. कोल्हापूरची मावसबहीण तिच्याच वयाची, बारावीचा निकाल लागायचा राहिलेली, ८ मेला येणारी. दोघींच्या डाव्या तर्जनीवर शाई, वेगवेगळ्या राज्यांत लागलेली. कातडीवरची शाई लवकर जाते, नखावरची मात्र नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. दिवस किती गेले ते सांगायला याहून चांगली खूण नाही. ‘पाहता पाहता दोन आठवडे उलटले’ हे वाक्य त्यामुळे कायमचं कापता येतं.

पाहुणी मावसबहीणच असावी, यालाही कारण आहे. आपल्याकडे आते-मामे नात्यात सोयरीक चालते. पाहुणा म्हणून आत्याचा मुलगा आणला, तर घरातली म्हातारी माणसं तिसऱ्या दिवशीच थट्टा सुरू करतात आणि कादंबरी नको त्या वाटेला लागते. मावशीची मुलगी सख्ख्या बहिणीसारखी. तिच्यापुढे मन मोकळं करता येतं, आणि तिचा हेवाही वाटू शकतो.

बुधवार, दुपार

आज घर आणि ओळख यांचाच विचार. सीमाभागाची कादंबरी म्हटलं की लेखकाला भाषणाचा मोह होतो. आजोबा आरामखुर्चीत बसतात आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापर्यंतचा इतिहास चार पानं सांगतात. सतरा वर्षांचा वाचक ती पानं उलटून पुढे जातो. १ नोव्हेंबरचा, सीमाभागातली मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात तो काळा दिवस उन्हाळ्याच्या गोष्टीत ओढून आणणारेही आहेत. त्याची काहीच गरज नाही. इथल्या घरात हा प्रश्न रोजच्या कागदांतून येतो.

एक प्रसंग तपशिलात मांडून पाहतो. आजी जुनी मराठी सातवी. शेताचा उतारा कन्नडमध्ये. नात मराठी शाळेत शिकलेली, पण कन्नड विषय घेऊन पास झालेली, म्हणून घरातला प्रत्येक सरकारी कागद तीच वाचून दाखवते. अशी मुलं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत आणि घरात त्यांना त्यामुळे वेगळाच मान असतो. आजी सोप्यात जोत्यावर बसलेली, चष्मा नातीच्या हाती दिलेला, जणू वाचणाऱ्यालाच तो लागणार आहे. नात सर्व्हे नंबर वाचते, क्षेत्र वाचते, मग खातेदारांची नावं. मोठे काका, बाबा, धाकटे काका. आजी म्हणते, “म्होरं वाच.” पुढे काही नाही. आत्याचं नाव नाही. आजी पुन्हा म्हणते, “नीट बघ की गं.”

कुटुंबाचं गुपित असं उघडं पडावं. आत्यानं हक्कसोड कधी करून दिली, आपखुशीनं दिली की सही घेतली गेली, आजीला काय सांगितलं होतं, यावर पुढची शंभर पानं चालतील. मुलीला गुपित कळतं, कारण तिला ती लिपी येते. ती कोण आहे याचं उत्तर त्या एका दुपारी थोडं बदलतं आणि कुणाला काही बोलून दाखवावं लागत नाही. गुपित चोरून ऐकलेल्या फोनवरून किंवा ट्रंकेत सापडलेल्या पत्रातून उघडणं ही घिसीपिटी वाट, ती सोडावी. आजीचं आत्याविषयीचं सलग बोलणंही दीड पानाच्या वर जाऊ देऊ नये. मध्ये उठून तिनं सांडगे उलटावेत.

लहान तपशील इथे फार कामाला येतात. बेळगाव-खानापूर बस घ्या, पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोन बहिणी. एकीनं आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतलं, दुसरीनं पर्समधून पूर्ण पैसे काढले. कंडक्टर पुढे गेल्यावर त्या काय बोलतात, किंवा बोलत नाहीत, तेवढंच लिहायचं.

तसंच गुणांचं. एसएसएलसी ६२५ गुणांची असते: पहिली भाषा १२५ ची, बाकीचे पाच विषय शंभरचे. धाकट्या भावानं पहिली भाषा मराठी घेतलेली असेल, तर ९ मेच्या सकाळी घरात पहिला प्रश्न मराठीत सव्वाशेपैकी किती आणि लगेच दुसरा कन्नडमध्ये किती, हाच असणार. ‘५०० पैकी’ लिहिलं की इथला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. नायिकेच्या कागदांवरही नजर ठेवावी. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. तिच्या जन्मदाखल्यावर जुनं नाव आहे, गुणपत्रिकेवर नवं. प्रवेशाच्या खिडकीवर हे कामाला येईल.

शुक्रवार, सकाळी

पहिलं प्रेम. इथे सर्वांत जास्त हस्तलिखितं घसरतात.

घसरण्याचं कारण साधं आहे: दोघांना भेटायला काम दिलेलं नसतं. लेखक त्यांना दुसऱ्याच प्रकरणात येळ्ळूरच्या राजहंसगडावर सूर्यास्त बघायला पाठवतो. गाडी कुणाची, घरी काय सांगितलं, वाटेत ओळखीचं कोण भेटलं, याचा पत्ता नाही. बेळगावात अनगोळपासून शहापूरपर्यंत एकही मुलगी ओळखीचं माणूस न भेटता जाऊ शकत नाही. म्हणून दोघांना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करण्यासारखं काम हवं, आणि ते काम ठरल्या तारखेला संपणारं हवं.

शिवजयंतीचा चित्ररथ यासाठी फार चांगला. संध्याकाळी सातनंतर गल्लीत तालमी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबू आणि प्लायवूडचा गड, वर जिवंत देखावा. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले, म्हणजे पात्रांनी आवाजावर ओठ मिळवायचे. नायिका संवाद लिहिते. आवाजाची यंत्रणा लावणारा मुलगा मंडप-साउंडच्या धंद्यातल्या कन्नड घरचा. संहितेतली एक ओळ लांबली की ध्वनिफितीत दोन सेकंद कापायचे, त्यासाठी दोघांना एकाच हेडफोनच्या दोन बाजू कानाला लावाव्या लागतात. जवळीक एवढीच, आणि ती पुरेशी आहे. आजूबाजूला वीस जण फेटे बांधत आहेत, कुणाची दाढी डिंकानं चिकटत नाहीये.

त्याचा जनरेटर, त्याच्या वायरी शिवजयंतीला एका गल्लीत आणि बसव जयंतीला दुसऱ्या गल्लीत. ९ च्या रात्री उतरवायचं आणि १० च्या सकाळी चढवायचं, मग चित्ररथाच्या मिरवणुकीसाठी पुन्हा बांधायचं. दोन भाषांबद्दल लेखकाला जे म्हणायचं असेल ते या वायरी गुंडाळण्यात येऊन जातं. मराठी मुलगी आणि कन्नड मुलगा म्हणून लगेच दोन घरांची दंगल लावू नये. इथल्या बाजारात दोघंही दोन्ही भाषा बोलत वाढलेले असतात. अडचण वेगळी द्यावी: तो पीयूसीत एका विषयात अडकलेला आहे आणि त्याची परीक्षा-२, म्हणजे त्याच वर्षी मिळणारी दुसरी संधी, एप्रिलअखेर सुरू होऊन मेच्या मध्याला संपते. रात्री वायरी, सकाळी पेपर. ती पास झालेली आहे आणि हे त्याला माहीत आहे. त्याचा अभिमान इथे दुखतो आणि पहिलं भांडण यावरून होतं.

भेटींचा हिशेब: मनातलं ओठांवर येण्याआधी कामाच्या निमित्तानं निदान चार भेटी, त्यातली एक फसलेली. फोनचं आधी ठरवून टाकावं: कुणाचा, रिचार्ज कोण करतं, रात्री कुणाच्या उशाशी असतो. निळ्या खुणांवर पूर्ण प्रकरण उभं करू नये. वर्षभरात ते शिळं होतं.

कन्नड वाक्यं देवनागरीत, छोटी द्यावीत आणि अर्थ पुढच्या उत्तरातून कळू द्यावा. तो विचारतो, “ऊटा आतेन?” ती म्हणते, “होय, आत्ताच जेवून आलो.” इथल्या कित्येक मुली ‘आलो, जातो’ असंच बोलतात, कोल्हापूरच्या शहरात वाढलेली बहीण ‘आले, जाते’ म्हणते. हे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सांभाळायचं. मुद्रितशोधक ‘सुधारून’ टाकतात, त्यांना आधीच चिठ्ठी लावून द्यावी.

रविवार

लांबीचं. पन्नास हजार शब्द पुरे, डेमी आकारात १८० ते २०० पानं. पंचवीस-सव्वीस प्रकरणं, दोनेक हजार शब्दांची. वाटणी मात्र समान नको. ७ ते ११ मे या पाच दिवसांना कादंबरीचा तिसरा हिस्सा द्यावा, कारण निकाल, मिरवणूक आणि उतारा तिथेच येऊन पडतात. १२ ते २० मे भराभर सरकू द्यावेत.

रानमेवा वेळेवर पिकवावा. करवंदं मेमध्ये काळी होतात, जांभळं मेच्या शेवटाला. एप्रिलमध्ये जांभळानं जीभ रंगवली की जांबोटी-कणकुंबीकडचा वाचक हसतो. लोणच्याच्या कैऱ्या कोय धरलेल्या हव्यात, त्याही मे सरता सरता. वळीव दुपारी चारनंतर येतो, विजेसकट, कधी गारांसकट, आणि अर्ध्या तासात निघून जातो. गच्चीवर पापड-शेवया असतील तर अख्खं घर धावतं आणि कोण कुणाशी बोलत नव्हतं हे त्या दहा मिनिटांत विसरलं जातं. अबोला तोडायला हा प्रसंग एकदाच वापरावा. दुसऱ्यांदा घातला की युक्ती दिसते.

शेवट १ जूनच्या पुढे नेऊ नये. गल्लीतल्या पोरांची शाळा भरली आहे, बहीण कोल्हापूरला जाणार आहे, आजीला हिंडलग्याला जायचं आहे आणि त्याच सकाळी आत्या येते आहे. मुलगी कुणाबरोबर जाते हे दाखवावं. प्रेमाचं काय झालं ते एका साध्या व्यवहारातून कळू द्यावं, जसं की तो हेडफोन परत मागायला येतो की नाही. लग्न, पळून जाणं, अपघात यातलं काही नको. अठराव्या वर्षी माणूस पुढच्या सोमवारी काय करायचं एवढंच ठरवू शकतो.

अजून एक रकाना भरायचा राहिला आहे, पदवी-प्रवेशाचा. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, इथलं राणी चन्नम्मा २०१० चं. नायिका त्यातलं कुठलं निवडते हे कादंबरीत सांगायचं नाही, तरी लिहिणाऱ्याला दोन्हीकडचे अर्ज, लागणारे दाखले आणि मुदती पाठ हव्यात. २१ मेनंतरच्या प्रत्येक प्रकरणात त्या दाखल्यांची फाईल नायिकेच्या हातात असणार आहे.