जनरेटर चालू, तरी यूपीएस बॅटरीवर

फोनवर मॅडमनी तक्रार मोजक्या शब्दांत सांगितली. जनरेटर चालू असतो, तरी यूपीएस ओरडत राहतो आणि थोड्या वेळात सगळं बंद पडतं. "वर आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, तो कधी कुरकुर करत नाही. तसलाच एक खाली लावून द्या आणि हा यूपीएस घेऊन जा."

खाली त्यांची पॅथॉलॉजी लॅब, वरच्या मजल्यावर घर. घरचा इन्व्हर्टर चांगला की ऑफिसचा यूपीएस, हा वाद माझ्या कामात रोजचाच. पण दोन्ही यंत्रं एकाच इमारतीत, एकाच जनरेटरवर, एकाच वेळी मीटर लावून बघायला मिळणं दुर्मीळ. लाइनच्या दुरुस्तीसाठी एक दिवस सकाळपासून वीज बंद राहणार होती, मी मुद्दाम तोच दिवस मागून घेतला. बिघाड होत असताना बघितला की निम्मं काम तिथंच होतं.

जनरेटर मागच्या अंगणात होता, उघड्यावर, धुराचं तोंड खिडक्यांपासून दूर. बघून बरं वाटलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गॅलरीत किंवा जिन्याखाली जनरेटर चालवणारी माणसं मला अजून भेटतात. त्यांच्याशी मी भांडतो.

आत लॅबमध्ये यूपीएसचा आवाज दारातूनच ऐकू आला. खट्ट, मग बीप, बीप, बीप. पुन्हा खट्ट आणि सगळं शांत. आठ-दहा सेकंद गेली की परत खट्ट. लॅब टेक्निशियन मुलगी म्हणाली, "सर, बराच वेळ हे असंच चालतं. मग एक लांब बीप येतो आणि ॲनालायझरसकट सगळं जातं." ॲनालायझर म्हणजे रक्त तपासायचं मशीन. आदल्या आठवड्यात असंच झालं तेव्हा त्यात एका तान्ह्या बाळाचा नमुना लागलेला होता. तपासणी अर्धवट राहिली, तेवढं रक्त वाया गेलं, आणि बाळाला पुन्हा सुई टोचावी लागली. मॅडम हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. ॲनालायझर पुन्हा चालू करून, धुऊन, कॅलिब्रेट करून घेता येतो. बाळाच्या हाताचं तसं नसतं. मलाही ते ऐकून फार लागलं, आणि आज कारण सापडल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं.

यूपीएस होता 3 केव्हीएचा (केव्हीए हे क्षमतेचं माप), लाइन-इंटरॲक्टिव्ह जातीचा. साधा यूपीएस आणि ऑनलाइन यूपीएस, या दोन टोकांमधली ही जात. बाहेरची वीज ठीक असेल तर तीच थोडी वरखाली सावरून पुढे देते, आणि वीज ठीक नाही असं वाटलं की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जाते. "ठीक नाही" म्हणजे काय, याची हद्द तिच्या आत ठरलेली असते. फ्रिक्वेन्सी म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं करते ते; आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असते, आणि जनरेटरची इंजिनाच्या वेगाबरोबर वरखाली होते. या मशीनची फ्रिक्वेन्सीची हद्द 47 ते 53 हर्ट्झ होती. व्होल्टेजचीही होती, आणि संवेदनशीलतेचं सेटिंग सगळ्यात कडक पायरीवर होतं.

मी इनपुटच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला, फ्रिक्वेन्सीवर ठेवला आणि नुसता बघत बसलो. 50.8. 50.1. मग अंगणात इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि आकडा 46.6 वर आला. खट्ट. यूपीएस बॅटरीवर गेला, म्हणजे जनरेटरवरचा लॅबच्या यंत्रांचा नऊशे वॅटचा भार एका क्षणात उतरला. भार उतरल्यावर इंजिन मोकाट सुटलं: 53.7. तेही हद्दीबाहेर. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरनं तो हळूहळू खाली आणला, आकडा 51 वर स्थिरावला, यूपीएसची खात्री पटली आणि त्यानं जनरेटरची वीज परत घेतली. घेतली म्हणजे नऊशे वॅट आणि वर बॅटरी चार्ज करायचा भार, एकदम. इंजिन पुन्हा दबलं. पुन्हा 46 च्या घरात. खट्ट.

टेक्निशियनलाही बोलावून दाखवलं. तिनं दोन-तीन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाली, "म्हणजे यूपीएस गेला की जनरेटर सुधारतो, आणि यूपीएस आला की बिघडतो?" नेमकं तेच. दोघं एकमेकांना ढकलत होते. प्रत्येक फेरीत बॅटरीतून जेवढं जात होतं तेवढं त्या सेकंदांत भरून येत नव्हतं, त्यामुळे जनरेटर धडधडत असतानाच बॅटरी हळूहळू रिकामी होत होती.

पण नऊशे वॅटनं 5 केव्हीएचा जनरेटर इतका का दबावा? तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन बोर्डावरची एकेक तार बघितली. लॅबचा एसी त्याच जनरेटरवर होता. चालू असताना त्याचा भार फार नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी तो नेहमीच्या चार-सहा पट करंट ओढतो, आणि थर्मोस्टॅटच्या मर्जीनं तो दिवसभर चालू-बंद होत राहतो. शिवाय इंजिन भार स्थिर असतानाही हेलकावे खात होतं. इंधनाचा फिल्टर बराच काळ बदललेला नव्हता, हे नंतर कळलं.

हे सगळं सांगितल्यावर मॅडमनी विचारलेला प्रश्न बिनतोड होता. "जनरेटर इतका वाईट आहे तर वरचा इन्व्हर्टर का नाही ओरडत? तोही त्याच्यावरच आहे."

मग आम्ही वर गेलो. मॅडमचे वडील दारातच होते. "तुम्ही आमच्या इन्व्हर्टरला हात लावणार नाही ना? रात्रभर दोन पंखे फिरवतो तो." मी म्हटलं, "काका, फक्त बघतो." इन्व्हर्टर साधा घरगुती, 12 व्होल्टवर चालणारा, खाली 150 अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी, पाण्याची पातळी अगदी बरोबर. काका स्वतः डिस्टिल्ड वॉटर घालायचे. मी इन्व्हर्टरच्या आउटपुटला मीटर लावला. 196 व्होल्ट. 53.2 हर्ट्झ. खाली एसी सुरू झाला आणि पंखा क्षणभर मंदावला: 165 व्होल्ट. इन्व्हर्टरनं हूं की चूं केलं नाही.

मी मीटर मॅडमच्या हातात दिला. जनरेटरचं जे काही बरंवाईट येत होतं, ते इन्व्हर्टर जसंच्या तसं घरात सोडत होता. पंख्याला, दिव्याला ते चालतं. ॲनालायझरला नाही चालत.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, बहुतेकांना तो ठाऊकच नसतो. एका बाजूला रुंद हद्द: साधारण 100 पासून 290 व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी पुढे जाऊ द्यायचं. दुसऱ्या बाजूला यूपीएस मोड: साधारण 180 ते 260, आणि वीज गेली की लवकर बॅटरीवर यायचं. काकांचा स्विच रुंद हद्दीवर होता. त्यांच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप होता. परवानगी घेऊन तो चालू केला आणि इन्व्हर्टरला वीज देणारा बोर्डावरचा एमसीबी स्विच खाली पाडला. पंखा तसाच फिरत राहिला, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. "हे नेहमीचंच आहे," काका म्हणाले, "कॉम्प्युटर जुना झालाय." कॉम्प्युटर जुना होता, पण दोष त्याचा नव्हता. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वीज नसताना साधारण 15 ते 20 मिलिसेकंद तग धरतात, म्हणजे 50 हर्ट्झच्या जेमतेम एका आवर्तनाइतकं. रुंद हद्दीवर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. पंख्याचं पातं तेवढ्यात थांबत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

स्विच यूपीएस मोडवर केला, एमसीबी पुन्हा पाडला. या खेपेला कॉम्प्युटर हलला नाही. काकांना आनंद झाला. आणि तेवढ्यात खाली एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला.

खट्ट. इन्व्हर्टर बॅटरीवर. थोड्या वेळानं पुन्हा खट्ट.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाही तेच करतोय की." काका जरा नाराज झाले, त्यांना वाटलं मी चांगलं चाललेलं यंत्र बिघडवलं. स्विच परत जागेवर नेऊन त्यांची समजूत घातली. पण ज्यासाठी वर आलो होतो ते दिसलं होतं. खालचा यूपीएस ओरडत होता कारण त्याला वाईट वीज ओळखता येत होती. वरच्याला ती ओळखू नकोस असं सांगून ठेवलेलं होतं.

खाली येऊन यूपीएस उघडला. एक गोष्ट अजून पटत नव्हती: बॅटऱ्या इतक्या लवकर का संपतात? आत 12 व्होल्ट, 9 अँपिअर-तासाच्या सहा सीलबंद बॅटऱ्या, एकामागून एक जोडलेल्या. नव्या असताना नऊशे वॅटला वीसेक मिनिटं तरी मिळायला हवीत. भाराशिवाय मोजल्यावर सहाही तेराच्या आसपास, कागदावर सगळ्या ठणठणीत. भार टाकून मोजल्या तर पाच बारावर, आणि चौथी घसरत 9.4 वर. तिचा बाजूचा पत्रा बोटाला फुगलेला लागत होता. माळेतली एक अशी बसली की यूपीएसच्या लेखी सगळी माळच संपते. यूपीएस ठेवला होता टेबलाखाली बंद कप्प्यात, फ्रिजच्या पाठीमागच्या गरम जाळीला चिकटून. या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण 25 अंशांना धरलेलं असतं, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. बॅटरी दोषी ठरवून बदलणारे पुष्कळ असतात, कप्पा कोणी बदलत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

आता मॅडमनी कोटेशनांचा कागद काढला. तीन यंत्रं, तिन्हींपुढे फक्त व्हीएचा आकडा. मी आधी तो बाजूला ठेवायला सांगितला. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. एकच व्हीए लिहिलेली दोन यंत्रं वॅटमध्ये बरीच वेगळी निघू शकतात, आणि लॅबचा भार आपण वॅटमध्ये मोजलाय. त्याहून महत्त्वाचं, मला हे हवं होतं: वीज गेल्यावर काय एका क्षणासाठीही थांबून चालणार नाही, आणि किती वेळ?

त्यांनी टेक्निशियनला विचारलं. ॲनालायझर, आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. हातातली तपासणी पुरी व्हायला पंधरा-वीस मिनिटं. बस. रिसेप्शनचा कॉम्प्युटर बंद पडला तर नुसता वैताग. नमुन्यांच्या फ्रिजला जनरेटर चालू होईपर्यंत काही होत नाही, दार उघडू नये एवढंच. लेझर प्रिंटर यूपीएसवर होता, तो मी तिथंच काढला. त्याचा हीटर तापताना इतका ओढतो की लहान यूपीएस त्यानं कोलमडू शकतो.

तासांचा हिशेब घराचा वेगळा. काकांची बॅटरी 12 गुणिले 150, म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पूर्ण रिकामी करायची नाही, इन्व्हर्टरमध्येही काही जातं, तेव्हा हाती बाराशेच्या आसपास येतात. दोन पंखे आणि दिवे मिळून शंभर वॅट धरले तर रात्र सहज निघते. तीच बॅटरी नऊशे वॅटला लावली तर गणितानं सव्वा तास, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. कारण 150 हा आकडा वीस तास सावकाश वापरल्याचा आहे, आणि भराभर उपसली की बॅटरी तेवढं देतच नाही.

ॲनालायझरसाठी मी ऑनलाइन यूपीएस सुचवला, फक्त त्याच्यापुरता आणि त्याच्या कॉम्प्युटरपुरता. तो बाहेरून आलेल्या एसी विजेची (इथं एसी म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, खोली गार करणारा एसी नव्हे) एका दिशेनं वाहणारी डीसी वीज करतो आणि त्यातून सतत नवी एसी वीज बनवतो. त्यामुळे वीज गेल्यावर बदलाबदलीचा वेळ शून्य, आणि जनरेटरचे हेलकावे मशीनपर्यंत पोहोचत नाहीत. मॅडम लगेच म्हणाल्या, मग वर घरीही तोच लावू. मी नको म्हटलं. चोवीस तास दोनदा रूपांतर करताना तो वीज खातो, तापतो, त्याचा पंखा सतत घुमतो. झोपायच्या खोलीशेजारी, पंख्या-दिव्यांसाठी, ते कशाला? शिवाय त्यालाही जनरेटर त्याच्या दीडपट-दुप्पट तरी लागतो, आणि तो सुधारल्याशिवाय कुठलंच यंत्र इथं सुखानं चालणार नव्हतं.

म्हणून आधी जनरेटर. एसी त्याच्यावरून काढला. इंधनाचा फिल्टर बदलून घेतला, गव्हर्नर नीट जुळवून घेतला. दुपारपर्यंत भार टाकून आकडा 49.8 ते 50.6 मध्ये राहू लागला. जुन्या यूपीएसची संवेदनशीलता एक पायरी उतरवली. त्याहून खाली नेली नाही, कारण त्याचा शहाणपणा मला हवा होता. त्याला कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून हातभर दूर ठेवला. सहाही बॅटऱ्या एकदम बदलायला सांगितल्या. पाच जुन्यांत एक नवी घातली की ती जुन्यांच्या जोडीनं लवकरच बसते. ऑनलाइन यूपीएस आला की हा रिसेप्शनला जाईल.

संध्याकाळपर्यंत वीज आली नव्हती. जनरेटरवर अख्खी एक तपासणी पूर्ण झाली, यूपीएसचा आवाज नाही. काकांसाठी मी मागच्या स्विचशेजारी पांढरी पट्टी चिकटवून लिहून दिलं: जनरेटर चालू असताना रुंद हद्द, कॉम्प्युटरवर बसायचं असेल तेव्हा यूपीएस मोड. टेक्निशियनला एक वही करायला सांगितली. महिन्यातून एकदा, मशीन रिकामं असताना, यूपीएसला येणारी वीज बंद करायची, मशीनएवढा भार टाकायचा आणि किती मिनिटं निघाली ते लिहायचं. नव्या बॅटऱ्यांवर जेवढी मिनिटं येतील ती पहिली नोंद. पुढे कधी त्याच्या निम्म्यावर आलं, की लांब बीपची वाट न बघता मला फोन करायचा.