आग्वा, आंब्रे आणि माझं डोकं

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज पाण्यावरून घसरले. स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात येऊन पाच महिने झाले, म्हणून जेवताना जरा थाटातच स्पॅनिशमध्ये म्हटलं, 'एल आग्वा एस्ता फ्रीओ.' पाणी गार आहे. घरमालकीणबाई 'फ्रीआ' एवढंच म्हणाल्या आणि मसुराच्या आमटीत पाव बुडवत राहिल्या.

माझं चुकलं काय? नामाआधी लागणारं 'एल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी, हे तर पहिल्याच आठवड्यात घोकलेलं, आपल्या तो आंबा, ती चिंचेसारखं. खोलीत येऊन व्याकरण उघडलं. आग्वा स्त्रीलिंगीच, म्हणून गारही 'फ्रीआ'. पण शब्दाच्या सुरुवातीच्याच 'आ'वर आघात असला की एकवचनात 'ला'च्या जागी 'एल' येतो. आणि हा 'एल' मुळात पुल्लिंगी नाहीच! लॅटिन 'इल्ला'चं जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं, पुढच्या 'आ'त त्याचा शेवटचा 'आ' विरघळला, उरला 'एल'. अनेकवचनात बाई पुन्हा उघड होतात: 'लास आग्वास'. समुद्रावरची वाळू मात्र 'ला आरेना'च, कारण तिथे आघात 'रे'वर. भुकेची गत पाण्यासारखीच: 'एल आंब्रे', पण 'मुचा आंब्रे'. (आंब्रे आडनावाच्या कुणाला हे सांगितलं पाहिजे.)

मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात 'मे दुएले मी काबेथा', म्हणजे 'मला माझं डोकं दुखतंय' म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी हसली. 'ला काबेथा.' बरोबर आहे, दुसऱ्याचं डोकं मला कसं दुखेल? पण मराठीत तरी मी 'माझं' कुठे म्हणते? डोकं दुखतंय, झालं. 'हात धू' म्हणतो, 'तुझे हात धू' नाही. मग हे 'माझं' आलं इंग्रजीतून. म्हणजे मी मराठीतून थेट स्पॅनिशला जातच नाही, आधी इंग्रजीच्या स्टँडवर उतरते आणि तिथून दुसरी गाडी पकडते. कॉफीच्या बाबतीत मात्र मराठीही कामाची नाही. 'मला कॉफी आवडते' म्हणायलाही 'एल काफे' लागतंच, अख्ख्या कॉफीजातीला मान द्यायचा.

आत्ता बाटली भरायला स्वयंपाकघरात गेले, तर बाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या. नळाच्या पाण्याला नावं ठेवणं चाललं होतं. 'एस्ते आग्वा...', म्हणजे 'हे पाणी...' म्हणाल्या. एस्ते! पुल्लिंगी! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, 'एस्ता आग्वा'च हवं, आणि ही चूक स्पॅनिश माणसंही सर्रास करतात.

बाटली भरली आणि मुकाट्याने खोलीत आले.